एकविसावी रेघ

मी आयुष्यात खोटं पुष्कळ ऐकलं. बाजारात ऐकलं, कोर्टाच्या दारात ऐकलं, नवऱ्याच्या तोंडून तर रोजच ऐकलं. त्याचा मला कधी धक्का बसला नाही. पण एकदा एक माणूस माझ्यापायी खोटं बोलला, आणि तोही कोण, तर ज्यानं सगळ्या नोकरीत कुणाचा बांध बोटभर इकडचा तिकडं केला नाही असा. त्या दिवशी मात्र मला धक्का बसला. इतकी वर्षं झाली, अजून ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

ते माझे घरमालक. सांगलीत त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी बावीस वर्षं राहिले. मोजणी खात्यातून ते निवृत्त झाले होते. निम्मी नोकरी जत तालुक्यात गेलेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून दोन वेळचं जेवण मीच करून घालायचे. गल्ली त्यांना तोंडावर मोजणीसाहेब म्हणायची आणि पाठ फिरली की अमेरिकासाहेब. कारण साहेबांचं ठाम म्हणणं होतं, की आपल्या मुलखातली माणसं हजारो वर्षांपूर्वी नावेत बसून अमेरिकेला गेली, आणि निघताना इथं दगडावर तसं लिहून गेली.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगणात पाट्याला टाकी लावत होते. माझा धंदाच तो. औंधला यमाईच्या डोंगराखाली आमचं घर, बाप पाथरवट. मुलगा नव्हता म्हणून त्यानं हातोडी माझ्या हातात दिली. वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा घ्यायचा, त्याला टाकीनं बारीक बारीक घाव घालायचे, म्हणजे तो परत मसाला धरतो. साहेब खुर्ची घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "बाई, हा घाव किती दिवस टिकेल?"

"वाटण रोजचं असलं तर वरीसभर."

"आणि कुणी वाटलंच नाही तर?"

"मग दगड हाय तवर."

"मग अमेरिकेला गेलेल्या माणसाचा घावसुद्धा दगड आहे तोवर राहील."

मी हातोडी खाली ठेवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. त्यांनी ते मुकाट्यानं पिऊन टाकलं आणि परत अमेरिकेवर बोलायला लागले.

त्यांच्याकडं पृथ्वीचा पत्र्याचा गोल होता, जुन्या बाजारातून आणलेला. आपल्या किनाऱ्यावरून निघून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, अमेरिकेपर्यंत ते रोज बोट फिरवायचे. त्या बोटानं समुद्राचा निळा रंग उडाला होता आणि आतला पत्रा चकाकत होता. "ही ती वाट," म्हणायचे. वाट खरंच पडली होती, पण ती त्यांच्या बोटाची.

भिंतीवर मोजणीची जुनी साखळी टांगलेली. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात, हे दर रविवारी साखळीला तेल लावायचे. चालताना पावलं मोजायचे. गणपतीचं देऊळ किती पावलं, दवाखाना किती पावलं, सगळं पाठ. पावलं मोजताना कुणी हाक मारली तर उत्तर द्यायचे नाहीत. लोकांना वाटायचं माज आहे.

आणि एक जाड वही होती. तिच्यात ते साक्षी लिहायचे. वर तारीख, खाली काय पाहिलं, कुणी सांगितलं. कर्नाटकात एका देवळावर दगडी बाईच्या हातात मक्याचं कणीस आहे, ते वहीत होतं. अमेरिकेत शेतांतून आडव्याउभ्या रेघांचे दगड सापडतात, कुणी त्याला समुद्रापलीकडून आलेल्यांची अक्षरं म्हणतं, कुणी म्हणतं नांगराचे ओरखडे, तिकडचे विद्वानही त्यावर भांडतात, ते वहीत होतं. तिथल्या दगडांचे फोटो मोबाइलवरून छापून आणून डकवले होते. जतच्या एका मेंढपाळानं सांगितलेली गोष्टही होती. फक्त माझं बोलणं त्यांनी कधी वहीत घेतलं नाही. मी काही बोलले की म्हणायचे, "बाई, हे तुमचं मत झालं. साक्ष नाही."

भाजीवालीशी त्यांचं रोजचं भांडण. टोपलीतली मिरची उचलायचे आणि म्हणायचे, "ही आपली नाही. ही अमेरिकेची."

"आवं साहेब, माझ्या टोपलीत हाय ती माझीच. घ्यायची असली तर घ्या, न्हाईतर ठेवा."

"शाळेत शिकवतात पोर्तुगीजांनी आणली. त्यांच्याआधी कुणी आणली नसेल कशावरून?"

"आणली असंल तर बिनतिखटाची आणली. पावशेर देऊ का?"

पावशेर घेऊन ते आत यायचे आणि मला म्हणायचे, "अडाणी आहे, पण मिरची चांगली देते."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. समुद्र एवढा मोठा, लाकडाच्या नावेतून कोण जाईल, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "पाणी अडवत नाही. पाणी नेतं." मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की मला वाटायचं हा माणूस पाण्याचाच.

मग कृष्णेला पूर आला. आमच्या गल्लीत छातीभर पाणी. आम्ही दोघं गच्चीवर, सोबत वह्यांची ट्रंक आणि तो गोल. दुसऱ्या दिवशी सुटकेची बोट आली. बोटीतल्या पोलिसानं हात पुढं केला. मी चढले. साहेब मागं सरकले.

"चला साहेब, पाणी वाढतंय," पोलीस म्हणाला.

"मी येत नाही."

"का?"

"मला पाण्याची भीती वाटते."

मला आधी ऐकूच आलं नाही. मग मी बोटीतून ओरडले, "आवं, माणसं अमेरिकेला गेली म्हणता, आन तुमास्नी या गल्लीतनं त्या गल्लीत जाता यीना?"

"गेली ती," ते म्हणाले, "त्यांच्या नावेत मी नव्हतो."

पोलीस हसला. मला हसू आलं नाही. एवढा मोठा माणूस, गच्चीच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी गोल धरून उभा होता आणि त्याचे पाय कापत होते. समुद्र त्यानं कधी पाहिलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी गेले. राहिले नाही. मी काही त्यांची बायको नव्हते. चार दिवसांनी परत आले तर ते जिवंत होते, आणि जिन्याच्या भिंतीवर पाणी दर तासाला कुठपर्यंत चढलं, कधी उतरलं, त्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. खुणा एका ओळीत, सरळ. पाय कापत होते, हात कापला नव्हता.

आता दगडाचं सांगते.

जतच्या पुढं एका कोरड्या शिवारात, बांधावर एक काळा दगड उभा आहे. कमरेएवढा. नोकरीत असताना एका हद्दीच्या भांडणात साहेबांना तो दिसला. दगडाच्या एका कडेवर आडव्या रेघा होत्या. काही लांब, काही आखूड. साहेबांनी मोजल्या, एकवीस. अमेरिकेतल्या फोटोत अशाच रेघा. त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला. तीस वर्षं त्यांनी त्या दगडाबद्दल पत्रं लिहिली. पुण्याला, मुंबईला, धारवाडला. उत्तर आलं नाही. कुणी म्हणालं, दगड घरी आणून ठेवा, लोक बघतील. त्यावर ते संतापले. "दगड हलला की साक्ष हलली. मोजणीदाराला दगड हलवायला सांगता?"

शेवटी पुण्याच्या एका शिलालेख जाणणाऱ्या मॅडमचं पत्र आलं. बघायला येते म्हणून. ते पत्र साहेबांनी मला चारदा वाचून दाखवलं. पाचव्यांदा मीच वाचलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "बाई, त्यांनी एकदा म्हटलं ही अक्षरं आहेत, की मी मोकळा."

मी बरोबर गेले. दगड धुवायला. "फक्त पाणी आणि मऊ ब्रश," त्यांनी एसटीत दहादा बजावलं. शिवारात फोन लागत नव्हता, म्हणून मॅडमची गाडी आणायला ते फाट्यावर चालत गेले, पावलं मोजत. मी दगडापाशी एकटी.

दगड धुतला. रेघा दिसेनात. उन्हातान्हात, वाऱ्यानं, मेंढरांच्या अंग घासण्यानं त्या पुसट झाल्या होत्या. आता आमच्याकडं रीत अशी, की लग्नघरी पाहुणे यायच्या आधी बाई पाटा काढते आणि टाकीवालीला हाक मारते. गुळगुळीत पाटा पाहुण्यापुढं मांडायचा नसतो. माझी पिशवी कायम माझ्याबरोबर असते, आणि पिशवीत टाकी-हातोडी. साहेबांकडं तीस वर्षांनी पाहुणा येत होता आणि त्यांचा दगड गुळगुळीत होता. मी हातोडी काढली. मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही. दगड बोथटला तर टाकी लावायची, एवढंच मला ठाऊक.

माझा बाप म्हणायचा, "टाकी मारण्याआधी मागच्याची टाकी बघ." म्हणजे आधीच्यानं घाव कसा घातला, किती खोल, कुठल्या हातानं, ते बोटानं चाचपायचं आणि मगच मारायचं. मी गडबडीत तीन रेघा मारल्या आणि चौथीवर बोट ठेवलं.

तिथं कुणाची टाकी नव्हतीच.

टाकीच्या रेघेचा तळ खडबडीत असतो, बोटाला टोचतो. हिचा तळ गुळगुळीत. मधे खोल आणि दोन्ही टोकांना उथळ. असली रेघ कोरून पडत नाही, घासून पडते. कुणीतरी त्या कडेवर धार लावली होती. कातरीला, विळ्याला, कुऱ्हाडीला. मेंढरांचा मुलूख तो. बापानं, आज्ज्यानं, पणज्यानं, त्याच दगडावर. तीस वर्षांची पत्रं, ती वही, तो गोल, सगळं एका बोटाखाली संपलं.

मी काय केलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, मला जे बोटाला कळलं ते त्या मॅडमला भिंगातून कळेल. म्हणून मी तो तळ मोडला. चौथी, पाचवी, सहावी, मी मारत गेले. विसावी झाली आणि लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. एकविसावी खाली जमिनीलगत गवतात होती, ती राहिली. धुवायला आणलेल्या कळशीतलं उरलेलं पाणी मी दगडावर ओतलं. ओला दगड काळाभोर दिसला, रेघा झकास उठल्या. मी पिशवी बंद केली.

पण काळ्या दगडाचा ताजा घाव वाळला की पांढरा पडतो. आमच्या धंद्यात पांढरं दिसणं म्हणजे काम चोख. गाडी येईपर्यंत उन्हानं पाणी पिऊन टाकलं होतं, आणि दगडावर वीस रेघा दात काढून बसल्या होत्या.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. भिंग लावलं. एका रेघेवरून दुसरीवर गेल्या. मग भिंग मिटलं.

"हे आजचं काम आहे," त्या म्हणाल्या. "पोलादी टाकीचं. अजून भुकटी निघतेय."

साहेब वाकले. रेघांवर बोट फिरवलं. बोटाला लागलेली भुकटी बघितली. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या लुगड्याला, मनगटाला, सगळीकडं तीच भुकटी. मी तोंड उघडलं.

"मी केलं," साहेब म्हणाले.

मॅडम उभ्या राहिल्या. "तुम्ही? तीस वर्षं पत्रं लिहिलीत, आणि मी येणार म्हणून हे केलंत?"

"रेघा पुसट होत होत्या. मी केलं."

"मॅडम, त्यांनी न्हाई..." मी म्हणाले.

"बाई," साहेबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, "मॅडमना पाणी द्या."

मी पेला पुढं केला. मॅडमनी तो घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "वेडे असाल असं वाटलं होतं. खोटे असाल असं वाटलं नव्हतं."

परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, का. ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "साखळी धरणाऱ्याची चूक झाली तरी नकाशावर सही मोजणीदाराची असते."

तेवढंच. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढं ते पेपरात आलं. नाव नव्हतं, पण सांगलीत कळायचं तेवढं कळलं. "काय साहेब, अमेरिकेचं तिकीट रद्द?" लोक चहाच्या टपरीवरून ओरडायचे. साहेब पावलं मोजत जायचे. आता मला समजलं, पावलं कशाला मोजायची असतात. तीन वर्षं त्यांनी वही उघडली नाही. गोलावर धूळ बसली. आणि तीन वर्षं मी त्यांच्यापुढं जेवणाचं ताट ठेवत राहिले, आणि ती अक्षरं नव्हतीच, हे सांगितलं नाही. एका दगडापायी त्यांचं नाव गेलं, आता अमेरिकाही घालवू का? असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मी भित्री होते.

मग त्यांचा पाय मोडला आणि ते खाटेवर आले. एक दिवस दुपारी मी दळण निवडत होते. ते छताकडं बघत म्हणाले, "बाई, तुमचे वडील सांगायचे ना, मारण्याआधी मागच्याची टाकी बघ."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"त्या दिवशी बघितली होती?"

तीन वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विद्वान मॅडमनी नाही, पेपरवाल्यानं नाही. टाकीवालीला कोण विचारतं?

"बघितली," मी म्हणाले. "तीन मारल्यावर बघितली."

"तळ कसा होता?"

"गुळगुळीत. मधी खोल, कडंला उथळ. साहेब, ती अक्षरं नव्हती. कुणीतरी धार लावलेली. पयल्या तीन रेघा मी चुकून मारल्या. म्होरच्या सतरा जाणूनबुजून."

ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, गेले.

"तीन वरसं का इचारलं न्हाई?" मी म्हणाले.

"धीर झाला नाही."

मग एकदम डोळे उघडले. "तीन आणि सतरा वीस होतात. एकविसावी?"

"तिला हात लावला न्हाई. गाडी आली."

म्हातारा मोडक्या पायानं उठून बसला. "म्हणजे एक साक्ष शिल्लक आहे!" त्यांचे डोळे असे चमकत होते, की मी घाबरले. आपलंच घर पाडायला निघालेला माणूस इतका खूश झालेला मी बघितला नव्हता. "कागद आणा. पुण्याला पत्र लिहायचं. वीस रेघा ताज्या आहेत, एकविसावी जुनी आहे, तिचा तळ बघा, आम्ही चुकलो."

"तुमी सांगा, मी लिवते."

"सांगतो. पण सही तुमची."

"माझी कशाला?"

"तळाला बोट तुमचं लागलं. ज्याचं बोट, त्याची सही."

ते पत्र लिहायला मला दुपार गेली. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं. दगड मी खराब केला, साहेब माझ्यासाठी खोटं बोलले, हेही लिहिलं. ते वाक्य साहेबांना नको होतं. मी म्हटलं, सही माझी, मग वाक्य पण माझं.

मॅडमचं उत्तर आलं ते माझ्या नावानं. साहेब तेव्हा नव्हते. त्या जतला जाऊन आल्या होत्या, गवत बाजूला करून रेघ बघितली होती. लिहिलं होतं, तुमचं बरोबर आहे, आणि साहेबांची मला माफी मागायची होती. मागायची होती म्हणे. आता कुणाची मागणार?

पण पत्र लिहिलं त्या दिवशी ते होते. मी पाकीट चिकटवलं, पदर खोचला आणि पेटीत टाकायला निघाले. मागून हाक आली.

"बाई, धार लावणारा माणूस कुठंतरी निघालेला असतो ना? तो कुठं निघाला असेल?"

मी दारात थबकले. एवढं सगळं होऊन हा माणूस परत अमेरिकेच्या वाटेला लागला होता. मला एवढा राग आला की मी वळून म्हणाले, "मेंढरं कातरायला, साहेब. दुसरं कुठं जातोय?"

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. उशाखालून त्यांनी ती जाड वही काढली, तीन वर्षांनी पहिल्यांदा उघडली, वर तारीख घातली, आणि मी म्हणाले होते ते जसंच्या तसं लिहून घेतलं.